एकट्याची लस

दुःख दुसऱ्याच्या घरी असते तोवर न्यायान्यायाचा विचार आपणांस पुष्कळ सुचतो; तेच आपल्या उंबरठ्याशी आले म्हणजे न्याय कोणत्या बाजूस आहे हे विचारण्याइतकी सवडही मनास राहत नाही. या दोन्ही अवस्थांत माणूस तोच असतो, आणि दोन्हींत तो प्रामाणिकही असू शकतो. मग यांपैकी कोणत्या अवस्थेतील त्याचे मत खरे धरावे, असा प्रश्न आम्हांस अलीकडे एका प्रसंगाने पडला. प्रसंग घरगुती आहे. परंतु त्यातून निघालेला प्रश्न घरापुरता राहण्यासारखा नसल्यामुळे तो वाचकांपुढे मांडीत आहोत.

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त शिक्षक आहेत. आयुष्यभर त्यांनी मुलांस गणित शिकविले, काटकसरीने एक लहानसे घर बांधले आणि मुलांची शिक्षणे व लग्ने यथासांग पार पाडली. त्यांच्या पत्नीस स्वादुपिंडाचा कर्करोग झाला असून शस्त्रक्रिया होऊन गेली आहे. एके दिवशी सायंकाळी ते वर्तमानपत्राचे एक कात्रण घेऊन आमच्याकडे आले. कर्करोगावर लस निघाली, अशा अर्थाचा त्यावर मथळा होता. ते म्हणाले, "घर विकले तर बरी रक्कम उभी राहील. तेवढ्यात ही लस मिळेल काय, एवढे तुम्ही वाचून सांगा." मग थोडे थांबून म्हणाले, "आणखी एक आहे. हिने काल मला विचारले, एका म्हाताऱ्या बाईसाठी एवढा खर्च करणे बरोबर का हो? तिला मी काय सांगू?"

पहिला प्रश्न माहितीचा होता. वाचून, विचारून त्याचे उत्तर देता येण्यासारखे होते. दुसऱ्या प्रश्नाने मात्र आम्ही त्या दिवशी निरुत्तर झालो. पुढील विवेचन हे त्या उशिरा सुचलेल्या उत्तराचे आहे.

प्रथम 'लस' या शब्दाकडेच पाहू. फोडातून किंवा जखमेतून पाझरणारे जे पातळ, चिकट पाणी त्यास आपल्याकडे लस म्हणतात, आणि देवीच्या टोचणीस हे नाव पडले ते उगीच नव्हे. एडवर्ड जेन्नर याने १७९६ साली इंग्लंडात गोस्तनदेवीच्या फोडातील लस एका आठ वर्षांच्या मुलाच्या दंडास टोचली. हीच लस व्हिएन्ना, बगदाद, बसरा अशा मुक्कामांनी मुंबईस पोचली, आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस ती टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वी झालेली ही पहिली लस. त्या काळी लस साठवून ठेवण्याचे खात्रीचे साधन नव्हते. एका मुलाच्या दंडावर फोड उठावा, त्यातील लस दुसऱ्याच्या दंडास लावावी, त्याच्यापासून तिसऱ्याच्या, असाच तिचा प्रवास होई. ॲनाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्या मुलांस लस मिळाली आणि त्या मुलांपासून ती मुंबईबाहेर पुढे गेली.

या जुन्या पद्धतीत वैद्यकदृष्ट्या दोष पुष्कळ होते आणि ती मागे पडली हे योग्यच झाले. परंतु तिच्यातील नैतिक अर्थ ध्यानात घेण्यासारखा आहे. जो लस घेई तोच आठ दिवसांनी लस देणारा होई. घेणे आणि देणे ही एकाच दंडावर घडत. पुढे कारखान्यातून लशी निघू लागल्या तरी हा अर्थ पुरता गेला नाही. मी टोचून घेतले म्हणजे माझ्याकडून शेजाऱ्याच्या तान्ह्या मुलास रोग जाणार नाही, ही जाणीव प्रत्येक सार्वजनिक लशीच्या मुळाशी असतेच. १९८० साली देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले ते एखाद्या असामान्य औषधाच्या बळावर नव्हे. कोट्यवधी सामान्य माणसांनी आपापला दंड पुढे केला, त्या बळावर. लस ही अशी मुळापासून सर्वांची वस्तू आहे.

आता ज्या लशीसंबंधी त्या कात्रणात मजकूर होता तिचा प्रकार पाहावा. आपल्या शरीरातील पेशीच्या केंद्रात डीएनए हे मूळ दप्तर असते. पेशीस एखादे प्रथिन बनवावयाचे झाले म्हणजे मूळ दप्तर बाहेर जात नाही. त्यातील आवश्यक पानाची नक्कल उतरविली जाते आणि ती नक्कल प्रथिने घडविणाऱ्या कारागिरांकडे जाते. या नकलेस संदेशवाहक आरएनए किंवा एमआरएनए म्हणतात. काम झाले की ती थोड्या वेळात नष्ट होते. १९९० साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथील संशोधकांनी उंदराच्या स्नायूत डीएनए व आरएनए नुसते टोचले, तेव्हा त्या स्नायूच्या पेशींनी त्यांत लिहिलेली प्रथिने बनविली. म्हणजे रोगाचा जंतू किंवा त्याचा तुकडा शरीरात घालण्याऐवजी केवळ त्याचे वर्णन लिहून घालावे आणि ते वाचून शरीराने स्वतःच शत्रूचे चित्र काढावे, अशी ही युक्ती आहे. डीएनएची लस दप्तरखान्यापर्यंत पोचावी लागते. ती टिकाऊ असते, पण कित्येकदा आत शिरता शिरता तिचे बळ कमी पडते. अहमदाबादेत तयार झालेल्या कोविडच्या अशा लशीस ऑगस्ट २०२१ मध्ये परवानगी मिळाली. माणसांसाठी मान्य झालेली ती जगातील पहिली डीएनए लस होय. एमआरएनएची लस दप्तरखान्यात न जाता सरळ कारागिराच्या हाती पडते. पण ती अतिशय नाशवंत, आणि परका आरएनए दिसताच शरीर त्यावर तुटून पडते. ही अडचण दूर करण्याचा मार्ग कातालिन कारिको व ड्रू वाइसमन यांनी २००५ साली दाखविला. पुढे कोविडच्या लशींस तो पायाभूत ठरला आणि २०२३ चे नोबेल पारितोषिक त्यांस मिळाले.

कर्करोगाच्या बाबतीत अडचण निराळीच आहे. देवी किंवा पटकी यांचा जंतू बाहेरून येतो. तो परका म्हणून ओळखणे शरीरास अवघड नसते. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच घरात वाढलेली, आपल्याच रक्तावर पोसलेली असते. स्वकीय कोण आणि परकीय कोण हे ओळखण्यावर ज्याची सारी कर्तबगारी अवलंबून, त्या शरीराच्या पहारेकऱ्यास ती घरचीच वाटते. परंतु बिघडलेल्या पेशीच्या दप्तरात खाडाखोड झालेली असते आणि त्या खाडाखोडीमुळे तिच्या अंगावर काही अनोळखी खुणा उमटतात. या खुणा पहारेकऱ्यास दाखवून देता आल्या तर तो जागा होईल, हे या नव्या लशीचे सारे तत्त्व आहे. शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीतील डीएनए वाचावयाचा, त्याच रोग्याच्या निरोगी पेशींशी तो ताडून पाहावयाचा, निवडक खुणा शोधावयाच्या आणि त्यांचे वर्णन एमआरएनएत लिहून, स्निग्ध कणांच्या वेष्टनात घालून, त्या रोग्यास टोचावयाचे. मात्र ही खाडाखोड प्रत्येक रोग्यात निरनिराळी असते. सबब एकीसाठी लिहिलेली लस दुसरीच्या कामाची नाही. एका रोग्यासाठी गाठ वाचणे, लस लिहिणे, ती शुद्ध करून पाठविणे हा सारा व्याप करावयाचा, आणि त्यातून जे निघेल ते जगात त्या एकाच माणसाच्या उपयोगी पडावयाचे!

ज्या शब्दात देणे व घेणे एकत्र नांदत होते त्या शब्दाच्या पोटी अशी ही एकट्याची लस जन्मास आली आहे. ती रोग टाळण्यासाठी नसून झालेल्या रोगाच्या उपचारासाठी आहे, हाही भेद वाचकांनी लक्षात ठेवावा.

आजवर हिच्या हातून काय झाले? न्यूयॉर्क येथील मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात स्वादुपिंडाचा कर्करोग झालेल्या १६ जणांस शस्त्रक्रियेनंतर अशी लस देण्यात आली. तिच्याबरोबर दुसरे एक औषध व नेहमीची रसायनेही होती. शस्त्रक्रियेपासून लशीचा पहिला डोस मिळेपर्यंत सुमारे नऊ आठवडे लागले. १६ पैकी ८ जणांच्या शरीराने लशीस प्रतिसाद दिला. सुमारे तीन वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. प्रतिसाद देणाऱ्या आठांपैकी दोघांत रोग उलटला होता. प्रतिसाद न देणाऱ्या आठांपैकी सात जणांत. स्वादुपिंडाच्या रोगाची क्रूरता ज्यांनी पाहिली आहे त्यांस हे आकडे वाचून हुरूप येईल. परंतु १६ माणसे म्हणजे फारच थोडी. शिवाय ज्यांचे शरीर मुळातच अधिक सुदृढ होते त्यांनीच प्रतिसाद दिला असेल, ही शंका एवढ्या पुराव्याने फिटत नाही.

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगावरील चाचणी यापेक्षा मोठी आहे. तीत १५७ रोगी होते. सर्वांस पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रस्थापित औषध मिळाले. त्यांपैकी १०७ जणांस त्याबरोबर ३४ पर्यंत खुणांचे वर्णन असलेली स्वतःची लस मिळाली, ५० जणांस मिळाली नाही. अठरा महिन्यांनी पहिल्या गटात शेकडा सुमारे ७९ रोगावाचून होते, दुसऱ्यात शेकडा ६२. रोग उलटण्याचा किंवा मृत्यूचा संभव लशीमुळे शेकडा ४४ ने घटला, असे याचे सार २०२४ च्या जानेवारीत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तथापि हा फरक केवळ योगायोगाचा असण्याची शक्यता त्या आकड्यांनी पुरती नाहीशी केलेली नव्हती. म्हणूनच हजारावर रोग्यांची पुढील चाचणी हाती घेण्यात आली. २०२५ साल संपेतो अमेरिकेतील किंवा युरोपातील औषध-नियामकांनी अशा व्यक्तिगत एमआरएनए लशीस सर्वसाधारण वापराची परवानगी दिलेली नव्हती. सारांश, आशा खरी आहे. पण ती अजून वचनाच्या पदवीस पोचलेली नाही.

आता शिक्षकांच्या पत्नीचा प्रश्न घेऊ. तिच्या बाजूने जेवढा बळकट पूर्वपक्ष मांडता येईल तेवढा मांडणे न्याय्य होईल.

पूर्वपक्ष असा : समाजाचे द्रव्य मर्यादित आहे. एका माणसाच्या उपचारास जे लागते त्यात शेकडो माणसांचे रोग टाळता येत असतील, तर एकावर खर्च करणे म्हणजे शेकडोंकडे पाठ फिरविणे होय. याचे एक उदाहरण घडून गेलेलेच आहे. २०१० साली अमेरिकेत पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर एका उपचारास परवानगी मिळाली. तो एमआरएनएचा नव्हता; रोग्याच्या स्वतःच्या रक्तपेशी काढून, त्यांस शिकवून त्या त्यालाच परत देण्याचा होता, म्हणजे तोही एकट्याचाच. त्याची किंमत ९३,००० डॉलर, आणि चाचणीत त्याने आयुष्य सरासरीने वाढविले ते सुमारे चार महिने. उलट बाजूस पाहा. कर्करोग टाळणाऱ्या सर्वसाधारण लशी आपल्यापाशी कधीच्याच आहेत. यकृतदाहाच्या बी विषाणूची लस तैवानने १९८४ पासून नवजात अर्भकांस देण्यास आरंभ केला, आणि तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण पुढे स्पष्टपणे उतरले. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतेक एका विषाणूमुळे होतो; त्यावरील लस २००६ पासून उपलब्ध आहे. स्वीडनमध्ये सतरा वर्षांच्या आत ज्या मुलींस ती मिळाली त्यांच्यात हा रोग शेकडा ८८ ने कमी आढळला, असे २०२० साली प्रसिद्ध झाले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या याच प्रकारच्या लशीस २०२२ साली परवानगी मिळाली. आपल्या देशात या एका रोगाने वर्षास सुमारे ८० हजार स्त्रिया मरतात, असा २०२२ सालचा अंदाज आहे. ज्या देशात ही स्थिती, तेथे एका वृद्धेसाठी एक लस लिहिण्याची गोष्ट बोलणे हा अविचार नव्हे काय?

हा पूर्वपक्ष पोकळ नाही. आकडे खरे आहेत आणि त्यांतून निघणारे कर्तव्यही खरे आहे. जे सरकार स्वस्त व खात्रीची लस सर्व मुलींपर्यंत पोचविण्याच्या आधी एकट्यांच्या लशीवर द्रव्य वेचील ते न्यायाने वागले असे आम्ही म्हणणार नाही. परंतु यावरून एकट्याची लस ही सर्वांच्या लशीची वैरीण आहे असा जो निष्कर्ष काढला जातो तो आम्हांस मान्य नाही. आणि त्याचे कारण भावनेत नसून इतिहासात आहे.

जर्मनीतील माइन्झ शहरी २००८ साली ऊगूर शाहीन व ओझलेम ट्युरेची या डॉक्टर दांपत्याने इतरांच्या सहकार्याने एक संस्था काढली. तुर्की स्थलांतरितांची ही मुले. त्यांचा उद्देश साथीच्या रोगावर लस करण्याचा नव्हता. प्रत्येक कर्करोग्यास त्याच्या रोगाप्रमाणे उपचार मिळावा हा होता. २०१७ साली त्यांनी मेलानोमाच्या अवघ्या १३ रोग्यांस त्यांच्या त्यांच्या आरएनए लशी दिल्याचे प्रसिद्ध केले. त्या वेळी एखाद्या हिशेबी गृहस्थाने विचारले असते, की तेरा माणसांसाठी एवढी वर्षे आणि एवढा पैसा कशास? तर त्यास पटण्याजोगे उत्तर कोणासही देता आले नसते. तीन वर्षांनी कोविडची साथ आली. तेरा माणसांसाठी लस लिहिण्यात जो हात बसला होता तोच हात साऱ्या जगासाठी लस लिहिण्यास उपयोगी पडला, आणि २०२० च्या डिसेंबरात त्यांच्या व अमेरिकेतील फायझरच्या लशीस इंग्लंडात परवानगी मिळाली. एकट्यांची लस करावयास निघालेल्या माणसांच्या हातून सर्वांची लस घडली. उलट त्या सर्वांच्या लशीमुळे जे कारखाने उभे राहिले आणि कोट्यवधी माणसांवर जो अनुभव जमा झाला तोच आज एकट्यांच्या लशीचे भांडवल झाला आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. वर ज्या चाचणीचे आकडे दिले तीत ज्या ५० जणांस लस मिळाली नाही त्यांचा वाचकांनी क्षणभर विचार करावा. त्यांसही तोच रोग होता, त्यांसही घरदार होते. लस मिळणाऱ्यांत आपण असू की न मिळणाऱ्यांत, हे चिठ्ठीने ठरेल, हे ठाऊक असून त्यांनी संमती दिली. त्यांच्याशी तुलना करता आली नसती तर लशीचा गुण कोणाच्याही लक्षात आला नसता. न्यूयॉर्कच्या ज्या आठ जणांच्या शरीराने प्रतिसाद दिला नाही त्यांच्यामुळेच प्रतिसादाचा अर्थ कळला. ज्यांस काही मिळाले नाही त्यांच्या देण्यावर हे शास्त्र उभे आहे. ॲना डस्टहॉलच्या दंडावरून दुसऱ्या मुलाच्या दंडावर जे जाई ते येथेही जाते. मात्र ते आता द्रव नसून ज्ञान आहे. कुपीवर एकाचेच नाव असले तरी कुपीच्या आत अनेकांचे ऋण भरलेले असते.

ऋण हा शब्द आम्ही विचारपूर्वक वापरीत आहोत. आपल्या परंपरेत मनुष्य जन्मतःच देव, ऋषी व पितर यांचा ऋणी मानला आहे. त्यातील मर्म एवढेच, की जे ज्ञान आपणांस आयते मिळाले ते ज्याच्याकडून मिळाले त्यास परत करता येत नाही; ते पुढच्याच्या हाती देऊनच फिटते. हे तत्त्व या लशीस लावले म्हणजे न्यायाचा प्रश्न निराळा दिसू लागतो. औषध एकाच्या उपयोगी आहे की अनेकांच्या, ही खरी कसोटी नव्हे. ज्या वाटेने ते आले ती वाट मागून येणाऱ्यांस खुली राहते की नाही, ही कसोटी होय. जे अनेकांच्या देण्यातून जन्मले ते केवळ धनवंतांच्या दारी थांबले तर तो ऋण बुडविण्याचा प्रकार होईल. इंग्लंडच्या सरकारने २०२३ च्या जानेवारीत माइन्झच्या त्या संस्थेशी करार केला आणि २०३० अखेरपर्यंत १० हजार रोग्यांस अशा व्यक्तिगत उपचारांच्या चाचण्यांत व उपचारांत स्थान मिळावे असे ठरविले. तो सिद्धीस किती जातो हे काळ सांगेल. पण रोग्यास त्याच्या पैशाच्या थैलीवरून न निवडता सार्वजनिक आरोग्यसेवेच्या द्वारे निवडावे, ही दिशा आम्हांस योग्य वाटते.

येथे आणखी एका ऋणाचा उल्लेख केला पाहिजे, तो सत्याचा. रोग्याच्या घरी आशा ही अन्नाइतकी आवश्यक असते, म्हणूनच तिच्यात भेसळ करणारा अन्नात भेसळ करणाऱ्याइतकाच दोषी आहे. रशियात कर्करोगावरील लस तयार झाली असून ती फुकट वाटण्यात येणार, अशी वार्ता २०२४ च्या डिसेंबरात जगभर पसरली. ती कोणत्या कर्करोगावर, किती रोग्यांवर तपासली गेली, हे तीत कोठेच नव्हते; तरी आपल्याकडील कित्येक घरांत तिने मुक्काम केला. जे अद्याप चाचणीत आहे त्यास 'निघाले' म्हणणे, आणि जे काहींस गुण देते त्यास 'रामबाण' म्हणणे, यात छापणाऱ्याचे काही जात नाही. जाते ते वाचणाऱ्याचे घर.

आता हिशेबाविषयी. आमच्या मते न्याय दोन प्रकारचा आहे आणि दोन्ही आपापल्या जागी खरे आहेत. राज्यकर्त्याने मोजलेच पाहिजे. हजारांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने मोजण्याचे नाकारले तर तो दयाळू नसून बेजबाबदार ठरेल. परंतु रोग्याच्या उशाशी बसलेल्याने मोजू नये; तेथे समोरचा एकच जीव पूर्णांक असतो. राज्यकर्त्याच्या जागी बसून उशाशी बसलेल्याचा न्याय लावला म्हणजे पक्षपात होतो, आणि उशाशी बसून राज्यकर्त्याचा न्याय लावला म्हणजे निष्ठुरपणा होतो. आरंभी आम्ही विचारले होते की माणसाचे कोणत्या अवस्थेतील मत खरे धरावे. त्याचे उत्तर हेच, की प्रश्न अवस्थेचा नसून जागेचा आहे.

मग त्या बाईंनी स्वतःच स्वतःस राज्यकर्त्याचा न्याय लावला, त्याचे काय? यात मोठेपणा आहे हे उघड आहे. परंतु आम्हांस त्यात दुसरेही काही दिसले. आपल्या घरांत सर्वांची पाने उठल्यावर जी जेवावयास बसते, स्वतःचे दुखणे जी सणवार आटोपेपर्यंत लांबवते, तिलाच हा प्रश्न प्रथम सुचतो. त्याच घरातील कर्त्या पुरुषास दुखणे आले असता, माझ्यासाठी एवढा खर्च बरोबर का, असे त्याने विचारल्याचे फारसे ऐकिवात नाही. आणि त्याने विचारलेच तर घरातील सर्वजण त्यास गप्प करतात. तिने विचारले म्हणजे मात्र क्षणभर सर्वजण विचारात पडतात. तो जो क्षणभराचा विचार, त्यात आपल्या गृहस्थाश्रमाची परीक्षा आहे. स्वतःस कमी मोजण्याची सवय जिला आयुष्यभर लावली, तिच्या तोंडून निघालेला हिशेब न्याय म्हणून स्वीकारणे हा न्याय नव्हे.

पुढील आठवड्यात आम्ही शिक्षकांकडे गेलो. पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांस स्पष्ट सांगितले : घर विकू नये. विकत घ्यावयास ही लस बाजारात नाही. चाचणीतील प्रवेश पैशाने मिळत नाही, नियमांनी मिळतो. आणि पैसे घेऊन ती देऊ म्हणणारा कोणी भेटलाच तर त्याच्यापासून दूर राहावे. शस्त्रक्रियेनंतरचे जे प्रस्थापित उपचार आहेत ते कर्करोगाच्या तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्याने पुरे करावे आणि आपल्याला योग्य अशी एखादी चाचणी आहे काय हे त्यांसच विचारावे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्ही बाईंसच दिले. आम्ही म्हणालो, "समाजाने कोणावर किती खर्च करावा हे ठरविणे तुमच्याकडे नाही. घरातल्यांनी तुमच्यासाठी करावे हे त्यांच्याकडे आहे, आणि ते त्यांस करू द्यावे." त्या हसल्या व म्हणाल्या, "तुम्ही पुरुष बोलण्यात हरवता. पण मग सर्वांच्या लशीचे काय?" तेव्हा त्यांच्या बारा वर्षांच्या नातीकडे पाहून आम्ही सांगितले, की सर्वांची लस या घरातही यावयाची राहिली आहे.

त्यानंतर काही दिवसांनी शिक्षकांचा निरोप आला. नातीस गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस टोचून आणली होती, आणि रिक्षात तिच्या शेजारी आजी बसून गेली होती. बाईंचे उपचार चालू आहेत. त्यांचा गुण किती येईल हे आज कोणासही सांगता येत नाही. घर विकलेले नाही.